गिझरच्या लाईनीवर आणखी सॉकेट काढावेत का?



हंगाम सुरू होऊन पहिली उचल खात्यावर जमा झाली, की गावोगावी घरांत एखादी नवी वस्तू येते. एके काळी ती सायकल, रेडिओ किंवा शिलाई मशीन असे. आता घरगुती पिठाची चक्की येते, कपडे धुण्याचे मशीन येते, इंडक्शनची शेगडी येते. वस्तू घरी आल्यावर ध्यानात येतं, की तिला लावायला जवळपास सॉकेटच नाही. मग नजर जाते ती न्हाणीघराच्या भिंतीकडे. तिथं गिझरचा जाड पिनांचा पॉइंट असतो, त्याला बोर्डापासून वेगळी तार आलेली असते, आणि गिझर चालतो तो सकाळी तास-दीड तास. "बाकी दिवसभर ती लाईन मोकळीच पडलीय की. हितनंच एक-दोन सॉकेट काढून द्या," असं वायरमनला सांगितलं जातं. वायरमनही काढून देतो. अर्ध्या तासाचं काम.

कारखान्याच्या विद्युत विभागात कामानिमित्त येणारे सभासद आम्हाला हाच प्रश्न विचारतात, की असं केलं तर चालतं का? बेधडक "चालतं" म्हणणारे भेटतात आणि "अजिबात नको" म्हणणारेही भेटतात. आमच्या मते दोघेही घाई करतात. तीन गोष्टी पाहिल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. भिंतीतली तार कशाची आणि किती जाडीची आहे, ही पहिली. त्या तारेच्या उगमाशी, म्हणजे बोर्डात, किती अँपिअरचा एमसीबी आहे, ही दुसरी. आणि एकाच वेळी त्या लाईनीवर काय काय चालणार, ही तिसरी. सॉकेट किती काढायचे हा प्रश्न त्यानंतरचा.

गिझरला वेगळी लाईन का असते?

कारखान्यात केन कॅरिअरच्या मोटरीला तिची स्वतःची केबल असते, स्वतःचा स्टार्टर असतो. त्या केबलला मध्येच जोडून कोणी वेल्डिंगचे मशीन चालवायला निघाला, तर शिफ्टचा इंजिनिअर त्याला तिथंच थांबवील. घरातल्या गिझरची गोष्ट त्याच जातीची आहे, फक्त आकार लहान.

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. २००० वॅटचा गिझर घेतला तर २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर करंट तो घेतो. ९ वॅटचे दहा एलईडी दिवे मिळून जेवढा करंट घेतात, त्याच्या वीसपटीहून हा जास्त. आणि तो काही क्षणापुरता नसतो. १५ लिटरच्या टाकीतले २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापवायला २००० वॅटच्या गिझरला सुमारे २१ मिनिटे लागतात. तेवढा वेळ तार सलग भरून वाहते. घरात सहा-सात माणसे आंघोळीला असतील, तर एक टाकी संपते न संपते तोच दुसरी तापायला लागते. म्हणून गिझर, एअर कंडिशनर अशा उपकरणांना बोर्डापासून स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी देतात.

पाटाच्या पाण्याशी ही गोष्ट ताडून पाहता येईल. पाट एका वाफ्याच्या हिशेबाने काढलेला असेल आणि तुम्ही वरच्या अंगाला आणखी दोन दारं मोडलीत, तर पाट फुटतो. पण पाट फुटलेला दारं धरणाऱ्याला दिसतो, तो खोरे घेऊन धावतो. तारेचं तसं नाही. ती प्लॅस्टरच्या आत, पाईपात तापते आणि घरातल्या माणसाला काही दिसत नाही.

आधी हिशेब करावा

समजा, आपल्या एका सभासदाच्या घरी न्हाणीघरात २००० वॅटचा गिझर आहे. लाईन २.५ चौरस मिलीमीटर तांब्याच्या तारेची, बोर्डात १६ अँपिअरचा एमसीबी. या लाईनीवर पडवीत दोन सॉकेट काढले. एकावर चक्की बसवली, दुसऱ्यावर इस्त्री.

चक्कीची मोटर १ अश्वशक्तीची धरू. १ अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पण ते मोटरीने बाहेर दिलेले काम झाले. आत ती त्याहून जास्त वीज घेते. अशी लहान सिंगल फेज मोटर भरावर चालताना ६ अँपिअरच्या आसपास घेते, आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते. सकाळी सात वाजता पोरांच्या शाळेच्या गडबडीत ही तिन्ही एकदम चालू झाली, तर ८.७ अधिक ६ अधिक ४.३, म्हणजे १९ अँपिअर.

पाईपातून घेतलेली २.५ ची तांब्याची तार ढोबळ मानाने २० अँपिअर सोसते. १.५ ची सुमारे १४, ४ ची सव्वीस-सत्तावीस. कोणी म्हणेल, मग १९ तर बसले की! कागदावर बसले. पण त्याच पाईपात दिव्यांच्या, पंख्यांच्या तारा कोंबलेल्या असतील तर तारेची ताकद घटते, कारण एकमेकींची उष्णता बाहेर पडत नाही. पाईप पत्र्याखालून गेला असेल आणि एप्रिलचे ऊन असेल तर आणखी घटते. पीव्हीसी वेष्टनाची कायम सोसण्याची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. पत्र्याखालची हवा आधीच तापलेली असली, तर तारेला स्वतःच्या उष्णतेसाठी फारशी जागा उरत नाही. आणि करंट दुप्पट झाला की तारेतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. १० अँपिअरवर कोमट लागणारी तार २० वर का चटका देते, ते यावरून कळेल.

बरीच घरे जुन्या वायरिंगची आहेत. त्यांत अ‍ॅल्युमिनियमची तार सापडते. त्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची तार तांब्याच्या सुमारे पाऊणपटच करंट सोसते. तिला तांब्याची नवी तार नुसता पीळ देऊन जोडली, तर दमटपणात त्या सांध्यावर गंज धरतो आणि सांधा सैल होत जातो. अशा घरात गिझरच्या लाईनीला हातच लावू नये, आधी लाईन बदलावी. तारेची जाडी वेष्टनावर छापलेली असते. अक्षरे पुसली असतील तर दुकानातून १.५, २.५ आणि ४ चे बोटभर तुकडे आणून मेन बंद केल्यावर ताडून पाहावेत. तार बोर्डाच्या टोकालाही पाहावी आणि गिझरच्या टोकालाही. बोर्डात २.५ दिसते आणि मध्येच कुठेतरी १.५ चा तुकडा जोडलेला असतो, असले प्रकार होतात.

गावाकडे व्होल्टेज पडते, हाही मुद्दा आहे. व्होल्टेज १९० वर आले की गिझरचा करंट कमी होतो, ७.२ अँपिअरवर येतो, पाणी तापायला वेळ लागतो इतकेच. चक्कीच्या मोटरीचे उलटे. तिला दळण तर तेवढेच दळायचे असते, म्हणून ती जास्त करंट ओढते आणि स्वतःही तापते. विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजला कशी जळते हे आपल्याला सांगायला नको.

एमसीबी कुणाची राखण करतो?

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. १६ चा एमसीबी आहे म्हणजे १६ च्या वर करंट गेला की तो लगेच पडेल, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. मानकाप्रमाणे एमसीबीने आपल्या आकड्याच्या १.१३ पटीला तासभर पडायचे नसते, आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडायचे असते. म्हणजे १६ चा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर बसून राहील आणि २३ च्या थोडे वर गेल्यावर तासाच्या आत पडेल. मधल्या पट्ट्यात त्याचा नेम नाही. आपल्या उदाहरणातले १९ अँपिअर नेमके याच पट्ट्यात येतात. एक दिवस पडतो, चार दिवस पडत नाही. थंडीत पडत नाही, उन्हाळ्यात पडतो.

मग घरातली माणसं वैतागतात. अर्धी आंघोळ झाली की गिझर बंद, अर्धे दळण झाले की चक्की बंद. वायरमनला निरोप जातो आणि तो १६ काढून ३२ चा एमसीबी बसवतो. त्या दिवसापासून काही पडत नाही, घरात सगळे खूश. पण ३२ चा एमसीबी ३६ अँपिअरला तासभर स्वस्थ बसणार, आणि भिंतीतली तार तीच, २० अँपिअरची. विहिरीवरच्या पेटीत किटकॅट फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालण्याचा जो प्रकार, तोच हा, घराच्या भिंतीत केलेला.

एमसीबी गिझरची राखण करायला नसतो, चक्कीचीही नाही. तो तारेची राखण करतो. म्हणून त्याचा आकडा तारेकडे पाहून ठरवायचा. १.५ च्या तारेला १० चा, २.५ ला १६ चा, ४ ला २० चा, फार तर चांगल्या मोकळ्या पाईपातल्या तारेला २५ चा. तार बदलल्याशिवाय एमसीबीचा आकडा वाढवायचा नाही. एमसीबी सारखा पडत असेल तर तो खराब झाला असेल, नाहीतर बोजा जास्त झाला असेल, नाहीतर कुठेतरी सांधा तापत असेल. तिन्हींवर मोठा एमसीबी हा उपाय नाही.

दुसरी एक बाजू आहे, तिकडे फारसे कोणी पाहत नाही. मोठ्या लाईनीवर लहान वस्तू लावणे. मिक्सरची किंवा टेबल फॅनची वायर ०.७५ चौरस मिलीमीटरची असते, तिची ताकद ६ अँपिअरची. इंग्लंडमधल्या चौकोनी पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज असतो, आपल्या गोल पिनांच्या प्लगमध्ये नसतो. तेव्हा मिक्सर अडकून १०-१२ अँपिअर ओढू लागला, तर २० चा एमसीबी ढुंकूनही पाहणार नाही आणि मिक्सरची वायर मात्र वितळेल. म्हणून लहान वस्तूंसाठी लहान एमसीबीची वेगळी लाईन बरी.

सांधा

आगी बहुधा मधल्या तारेत लागत नाहीत, सांध्यावर लागतात. जास्तीचा सॉकेट काढायचा म्हणजे सांधा वाढवायचाच. सैल सांध्याचा अवरोध ०.१ ओहम जरी धरला आणि त्यातून १३ अँपिअर गेले, तर १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळजवळ १७ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या हातातली लहान सोल्डरिंगची सळई २५ वॅटची असते, तीही कथील वितळवते. इथं १७ वॅट एका अंगठ्याएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या डब्यात, रोज सकाळी.

म्हणून तार मध्येच सोलून तिला पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळणे आम्हाला मान्य नाही. सांधा सॉकेटच्या स्क्रूत किंवा कनेक्टरमध्ये, उघडून पाहता येईल अशा पेटीत असावा. प्लॅस्टरखाली गाडू नये.

तसाच एक चोरटा प्रकार न्यूट्रलचा. जास्तीच्या सॉकेटला फेज गिझरच्या लाईनीवरून घेतात आणि न्यूट्रल जवळच्या दिव्याच्या बटणपेटीतून ओढतात, कारण तो हाताशी असतो. दिव्याची न्यूट्रल १ किंवा १.५ ची. चक्कीचा सगळा करंट परत त्या बारीक तारेतून जातो आणि तिच्यावर कोणाचीच राखण नसते. शिवाय गिझरच्या लाईनीला गळती ओळखणारा आरसीसीबी असेल तर तो लगेच पडतो, कारण गेलेला करंट त्याच्याकडे परत येत नाही. मग "हा आरसीसीबी सारखा पडतोय, काढून टाका" अशी मागणी होते. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी ओल्या न्हाणीघरात माणसाचा जीव वाचवतो, तो काढू नये. चूक न्यूट्रलची असते. एका सॉकेटचे फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही एकाच लाईनीचे हवेत.

अर्थिंगची तार पाण्याच्या नळाला बांधायची जुनी सवय अजून गेलेली नाही. नळ आता प्लॅस्टिकचे आहेत, तेव्हा ती बांधली काय आणि न बांधली काय! आणि जिथे नळ लोखंडी आहे तिथे एका घरातला दोष सगळ्या नळाला उतरण्याची भीती. अर्थिंग खड्ड्यातल्या इलेक्ट्रोडपर्यंत हिरव्या तारेने गेलेले असावे.

मग काढायचा तरी कुठे?

हिशेब नीट बसत असेल तर गिझरच्या लाईनीवर एक सॉकेट काढायला आमची हरकत नाही. तार २.५ किंवा ४ ची तांब्याची आणि अखंड असावी, गिझर २००० वॅटचा असावा, नवी वस्तू हलकी असावी. पाणी न तापवणारे साधे कपडे धुण्याचे मशीन चालेल. ते साधारण ४००-५०० वॅट, म्हणजे दोन-सव्वादोन अँपिअर घेते. गिझरसकट ११ झाले, १६ च्या बरेच आत. पाणी तापवणारे मशीन मात्र स्वतः गिझरएवढे खाते, त्याला वेगळी लाईन हवी. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विद्युत विनिर्देशांतही राहत्या घरातल्या एका पॉवर सर्किटवर १६ अँपिअरचे २ पेक्षा जास्त सॉकेट नकोत असे आहे. नवा सॉकेट न्हाणीघराच्या बाहेर, आंघोळ करणाऱ्याचा ओला हात पोचणार नाही अशा जागी घ्यावा.

३००० वॅटचा झटपट तापवणारा गिझर असेल तर तो एकटाच १३ अँपिअर घेतो. त्या लाईनीवर दुसरे काही नको.

चक्की, इंडक्शन शेगडी, मायक्रोवेव्ह यांना बोर्डापासून नवीन तार ओढावी. पंधरा मीटरच्या आतले अंतर असेल तर तार, पाईप, एमसीबी आणि सॉकेट मिळून साधारण दोन टन उसाच्या पैशांत सामान येते, मजुरी वेगळी. ज्या चक्कीसाठी आपण एवढे पैसे मोजतो, तिला तेवढी वाट करून देणे जड नाही.

नवी तार ओढणे खरोखरच अडचणीचे असेल, भाड्याचे घर असेल, दगडी भिंती असतील, तर एक मधला मार्ग आहे. गिझर आणि चक्की यांच्यामध्ये योग्य अँपिअरचा चेंजओव्हर स्विच बसवावा. खटका एकीकडे असला की गिझर, दुसरीकडे केला की चक्की. उपसा योजनेवर पाण्याची पाळी असते तशी ही पाळी, आणि ती खटकाच पाळतो, माणसाच्या आठवणीवर सोडावी लागत नाही. "आम्ही एकदम लावणारच नाही" हे घरातले सगळे कबूल करतात. पण पाहुणे आले, लग्नघर असले, म्हणजे ते कोणाच्या लक्षात राहत नाही.

फ्रिजची गोष्ट वेगळी. तो करंट थोडा घेतो, तरी त्याला वेगळी लाईन द्यावी असे आम्ही सांगतो. गिझरच्या कॉइलला चीर गेली की आरसीसीबी पडतो. फ्रिज त्याच लाईनीवर असेल तर तोही बंद. सगळी शेतावर गेलेली असली तर संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नाही. दूध नासले तर एक दिवसाचे नुकसान. पण आपल्यात मधुमेहाचे सभासद पुष्कळ आहेत. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते आणि तापलेले इन्सुलिन दिसायला बदलेलच असे नाही. माणूस टोचून घेतो आणि साखर उतरत नाही. अशा घरात फ्रिजच्या लाईनीवर दुसरा एकही सॉकेट नसावा.

काम कोणाकडून?

खराब बटण किंवा सॉकेट तसाच दुसरा आणून बदलणे वेगळे. जास्तीचा पॉइंट काढणे, लाईन वाढवणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावे, असा कायदा आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत तो होता, २०२३ च्या केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या विनियमांतही आहे. ठेकेदाराकडून कामाचा चाचणी अहवाल मागून घ्यावा. घरचा एकूण बोजा वाढून मंजूर भाराच्या वर जात असेल, तर महावितरणकडे भारवाढीचा अर्ज करावा.

काम झाल्यावर ठेकेदार गेला असे करू नका, त्याला अर्धा तास थांबवून घ्या. गिझर आणि नवी वस्तू दोन्ही चालू करा. अर्ध्या तासाने बटण बंद करून प्लग काढा आणि पिनांना हात लावून पाहा. कोमट लागल्या तर ठीक. चटका बसला किंवा प्लॅस्टिकचा वास आला तर तो सॉकेट सैल आहे, त्याच्या समोरच बदलून घ्या. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते, ते दाबून तो पडतो का तेही पाहा, आणि पुढे महिन्यातून एकदा पाहत जा. शेवटी बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता एमसीबी कुठल्या लाईनीचा, तार किती जाडीची आणि त्यावर काय काय चालते, हे न पुसणाऱ्या शाईने मराठीत लिहून ठेवा. घरातल्या बायकांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहा. वास आला तर बोर्डाकडे आधी त्याच धावतात.